खिडक्या आणि डबा

"अजून एक फेरी मारा," सुभेदार निकमसाहेब टँकरवाल्याला म्हणाले. "सीओ साहेबांच्या बुटाला धूळ लागली, तर ती मी तुमच्या रुमालानं पुसून घेईन."

टँकरवाल्यानं बिचाऱ्यानं पुन्हा पाइप सोडला. उन्हाळ्याचे दिवस. माळावरची जमीन भाजून भाजून पीठ झालेली, पाणी पडलं की चर्र आवाज करायची. बंदूक लावून आम्ही जिथं पालथे पडायचो, तो ओटा तर निकमसाहेबांनी लग्नघरच्या अंगणासारखा करून टाकला होता. कडेच्या दगडांना चुना, मागं तंबू, तंबूत पांढरी चादर घातलेलं टेबल आणि टेबलावर माठातलं ताक. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, किंवा कुणी मोठं माणूस यायचं म्हटलं, की हे असं ठरलेलंच. जमीन भिजवायची, दगड रंगवायचे आणि आपण इस्त्री करून उभं राहायचं.

मी आणि दाजी बाजूला बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत रायफल पुसत बसलो होतो.

"दाजी, खांदा कसा हाय?" मी हळूच विचारलं.

"खांद्याचं काय घेऊन बसलायस," ते म्हणाले. "खिडक्या लावल्यावर खांदा हाय का न्हाय तेच कळत न्हाय."

ऐकून मला बरं वाटलं. दोन दिवस मी त्याच एका गोष्टीसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो.

आता दाजी म्हणजे कोण, ते सांगायला पाहिजे. हिंदुराव फडतरे, माण तालुक्यातला, आमच्या शेजारच्या गावचा. मी सर्जेराव बाबर. भरती एका दिवशी झालो, आणि पुढं पलटणीच्या नेमबाज जोडीतही दोघं बरोबर पडलो. ते नंबर एक, म्हणजे बंदूक त्यांच्या हातात. मी नंबर दोन, म्हणजे दुर्बीण माझ्या डोळ्याला. वारा कुठनं येतोय, गोळी कुठं पडली, हे मी सांगायचं आणि त्यांनी मारायचं. सुरुवातीला मी त्यांना सरळ हिंद्या म्हणायचो. पण हा माणूस मला इतका आवडला, की माझ्याच शिफारशीवर माझी धाकटी बहीण शालन फडतऱ्यांच्या घरात गेली आणि एका रात्रीत हिंद्याचा दाजी झाला. मी दाजी म्हणायला लागल्यावर अख्खी पलटण दाजी म्हणायला लागली. आमचे कॅप्टन सेबॅस्टियन साहेब केरळचे. मराठी शिकले ती आमच्याच तोंडून. ते एकदा सगळ्यांसमोर "काय दाजी, बरं हाय का?" असं म्हणाले, तेव्हा निकमसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की साहेब, तुमची बहीण त्यांना दिलेली नाही. साहेब हसले आणि दाजी म्हणायचं काही त्यांनी सोडलं नाही.

आदल्या वर्षी दाजी सुट्टीवर गेले, आणि दहिवडीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून त्यांचं खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टर साहेबांनी तंबी दिली होती. बंदूक चालव, पण खांदा दुखायला लागला तर लपवायचं नाही. दुखला की बंदूक बंद. जुन्या रायफलीवर काही अडचण नव्हती. पण त्या वर्षी नवी लांब पल्ल्याची रायफल आली. माणसाच्या छातीला लागेल एवढी लांब, आणि धक्का असा, की पहिल्या दिवशी ज्यानं ज्यानं ती चालवली तो सकाळी शर्ट घालताना तोंड वाकडं करत होता. दाजींनी नुसत्या नळीनं दोनच गोळ्या मारल्या आणि रात्री खांद्याला मीठ तापवून शेकलं. शेकलं मीच, म्हणून मला माहीत.

हा धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर बसवायच्या दोन वस्तू रायफलीबरोबर आल्या होत्या. दोन्ही वापरून बघायच्या आणि बरी वाटेल ती आमच्या जोड्यांसाठी कायमची ठेवायची, असा हुकूम होता. पहिली वस्तू म्हणजे ब्रेक. मुठीएवढा पोलादी तुकडा, दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा पाडलेल्या. गोळीमागचा गॅस त्या खाचांतून बाजूला आणि मागं फेकला जायचा, त्यामुळं बंदूक मागं उसळत नसे आणि खांद्याला लाथ बसत नसे. दुसरी वस्तू म्हणजे शिल्ड. एक आखूड जाड नळकांडं. ते सगळा जाळ आणि आवाज समोर ढकलायचं. शेजारच्याला आराम; पण बंदूक धरणाऱ्याच्या खांद्याला धक्का बराचसा परत यायचा. जवानांनी लगेच दोघांचं बारसं करून टाकलं. पहिलीचं नाव खिडक्या, दुसरीचं नाव डबा.

तर गोष्ट अशी होती. खिडक्या ठरल्या तर दाजींची बंदूक राहणार. डबा ठरला तर दाजी भांडारात ब्लँकेटं मोजत बसणार. आणि बंदुकीशिवाय दाजी कसे दिसतील, ते मला डोळ्यांपुढं आणवत नव्हतं. हा माणूस घरी शालनशी चार वाक्यं बोलायला लाजायचा, पण बंदुकीमागं पडला की त्याच्या चेहऱ्यावर जी शांती यायची, ती मी देवळात बसलेल्या माणसांच्याही चेहऱ्यावर बघितली नाही.

सीओ साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही वस्तू आपल्या आपण वापरून बघितल्या होत्या. डबा लावून दाजींनी एक गोळी मारली. कपाळावर घाम आला. मग खिडक्या लावल्या. गोळी सुटली, आणि दाजी मान वळवून माझ्याकडं बघून हसले.

"सर्जा, उशीवर डोकं टेकावं तसं वाटलं बघ."

मीही हसलो. पण ते काय म्हणाले, ते मला त्यांच्या ओठांवरून कळलं. कारण खिडक्यांचा तो बाजूला फेकलेला गॅस जाणार कुठं? शेजारी मी पालथा पडलेलो. माझ्या उजव्या गालावर कुणीतरी ओल्या पोत्यानं फाडकन मारावं तसं झालं, आणि कानात जी शिट्टी वाजायला लागली ती थांबेना.

कानात बोळे होते की, असं कुणी म्हणेल. डाव्या कानात होता. उजवा कान मी उघडा ठेवायचो. दाजीही माझ्याकडचा कान उघडा ठेवायचे. नियमात हे बसत नव्हतं, पण आमच्या जोडीची ती रीतच होती. आमचं सगळं काम कुजबुजीवर चालायचं. त्यांचा श्वास स्थिर झाला, की ते नुसतं "हं" म्हणायचे. मी दुर्बिणीतून वारा बघून "जाऊ दे" म्हणायचो. मग गोळी सुटायची. हं आणि जाऊ दे, एवढ्यावर आम्ही पलटणीला तीन ढाली जिंकून दिल्या होत्या. त्या हं-साठी कान उघडा लागायचा.

त्या दिवशी खिडक्या लावून आम्ही बऱ्याच गोळ्या मारल्या. चौथ्या-पाचव्या गोळीनंतर मला हं ऐकू येईना. पण इतकी वर्षं शेजारी पडून काढलेली. मी दुर्बीण थोडी बाजूला करून त्यांच्या पाठीकडं बघायचो. पाठ वर-खाली व्हायची थांबली, की मी म्हणायचो, जाऊ दे. काम भागत होतं. कॅप्टन साहेब मागं कानावर मोठ्या वाट्या लावून उभे होते. त्यांनी विचारलं, "सर्जेराव, तुला काय तरास?"

"काय नाय साहेब, एकदम ठीक."

संध्याकाळी लंगरच्या नळावर आम्ही ताटं धूत होतो. दाजी माझ्या उजवीकडं होते. मी आपला ताट घासत राहिलो. थोड्या वेळानं बघतो तर ते फिरून माझ्या डावीकडं येऊन उभे.

"राख संपली का म्हणून विचारतोय," ते म्हणाले.

"संपली न्हाय, ही घ्या की."

त्यांनी राख घेतली आणि ताट घासायला लागले. नंतर जेवताना काही बोलले नाहीत, पण दाजी एरवीही कुठं बोलत होते? मी ते मनावर घेतलं नाही.

तर आता सीओ साहेबांची जीप आली. सलाम झाले, ताक झालं. सीओ साहेब उंच, सावकाश बोलणारे, आणि जवानाचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मत न देणारे. निकमसाहेब त्यांच्या मागं सावलीसारखे. मी आणि दाजी भिजवलेल्या ओट्यावर पडलो.

आधी डबा. दाजींनी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही टार्गेटवर, पण तिसरी कडेला गेली, आणि दाजींनी बंदूक सोडताना हात किंचित झाडला. सीओ साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नसणार. मग खिडक्या. तीन गोळ्या, तिन्ही अशा शेजारी शेजारी, की वर एक वाटी पालथी घातली तर तिन्ही झाकल्या असत्या. जमीन ओली असल्यामुळं धुळीचा कण उडाला नाही. माझ्या गालावर पोतं बसलं, पण मी मान हलवली नाही. पाठ बघितली, जाऊ दे म्हणालो.

"हे तर स्पष्टच आहे," सीओ साहेब म्हणाले. "सेबॅस्टियन, तुमचं मत?"

"खिडक्याच, साहेब," कॅप्टन साहेब बोलून गेले आणि मग खाकरून म्हणाले, "म्हणजे ब्रेक, सर."

निकमसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. मी मनातल्या मनात म्हसोबाला नारळ कबूल केला होता, तो गावी गेल्यावर पहिल्या दिवशी फोडायचा ठरवलं. सीओ साहेब दाजींकडं वळले.

"फडतरे, खांदा?"

"एकदम चांगला, साहेब."

"मग झालं."

साहेब जीपकडं निघाले. आणि आमचा दाजी, जो घरात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाही, तो पाठीमागून म्हणाला,

"साहेब, एक विनंती हाय."

साहेब थांबले. निकमसाहेबांची मिशी थांबली.

"बोल."

"ह्यो ओटा सकाळपासनं भिजवलाय, साहेब. लढाईत टँकर येत न्हाय. जरा पलीकडं कोरड्यावर बघावं, असं वाटतं."

निकमसाहेबांनी दाजींकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं आणखी एखादा टँकर आटला असता. मलाही काही कळेना. हातातोंडाशी आलेला घास हा माणूस स्वतः का बाजूला सारतोय? मी त्यांच्या पायावर हळूच पाय दाबला. त्यांनी पाय काढून घेतला.

सीओ साहेब मात्र हसले. "सुभेदार साहेब, चूक तुमची नाही, आमची आहे. आम्ही आलो की तुम्हाला पाणी मारावं लागतं." आणि कोरड्या मातीकडं स्वतः चालत निघाले.

आम्ही पलीकडं जाऊन पडलो. खिडक्या लावल्या. पहिली गोळी सुटली आणि आमच्या दोघांभोवती पिठाच्या गिरणीसारखं झालं. मला टार्गेट सोडा, माझा हात दिसेना. गोळी कुठं लागली हे सांगायचं माझं काम, आणि माझ्या डोळ्यांत चार तालुक्यांची माती. धूळ बसेपर्यंत आम्ही डोळे मिटून पडून राहिलो. एवढा वेळ समोरच्याला मिळाला, तर तो आरामात चहा पिऊन आपल्यावर नेम धरील. लांबून बघणाऱ्याला त्या ढगावरनं आपली जागा कळणार, ते निराळंच.

"हं," सीओ साहेब म्हणाले. "आता डबा बघू." त्यांनाही नाव आवडलेलं दिसलं.

"साहेब, त्याच्या आधी अजून एक," दाजी उठून उभे राहिले होते. "आपण सगळ्यांनी बंदूक धरणाऱ्याला विचारलं. शेजारी पडणाऱ्याला कुणी विचारलंच न्हाय."

सीओ साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाबर, तुला कसं वाटलं?"

आता माझ्या एका शब्दावर सगळं होतं. मी टाचा जुळवल्या.

"ठीक, साहेब. काही त्रास नाही."

"ह्यो ठीकच म्हणणार, साहेब," दाजी म्हणाले. "ह्याला इंगळी डसली तरी ठीकच म्हणंल. मला पडू द्या त्याच्या जागी. बंदूक त्याला द्या."

मी दाजींकडं बघत राहिलो. इतक्या वर्षांत त्यांनी त्यांची बंदूक कुणाला पुसायलासुद्धा दिली नव्हती. मला दिली होती ती पण त्यांच्या देखत. सीओ साहेबांनी मान डोलावली. मी त्यांच्या जागेवर पालथा पडलो. बंदुकीचा दस्ता त्यांच्या गालानं गरम झालेला होता. दाजी माझ्या डावीकडं, दुर्बीण घेऊन. माझ्याकडचा कान त्यांनी उघडाच ठेवला.

मी श्वास धरला. "हं," मी म्हणालो. मला स्वतःचंच हसू आलं; त्यांचा शब्द माझ्या तोंडात.

"जाऊ दे," ते म्हणाले.

गोळी सुटली. खरंच, खांद्याला काही कळलं नाही. उशीवर डोकं टेकावं तसंच. धूळ बसली तेव्हा मी डावीकडं बघितलं. दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. डोळ्यांतून पाणी, गालावर माती, आणि ते तोंड उघडून मिटून कान मोकळा करायला बघत होते. एकाच गोळीनं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो माझ्यावरच होता हे मला कळलं.

"आता डबा," ते म्हणाले.

डबा लावला. मी मारली. लाथ बसली, चांगली बसली. पण माझे खांदे तालमीतले. वडील मला बैलाबरोबर मोटेला जुंपायचे असं शालन अजून सांगते. सोसण्यासारखी होती. धूळ फारशी उडाली नाही. आणि गोळीचा आवाज विरायच्या आत दाजींचा आवाज आला, "मध्यात. जराशी उजवीकडं. वारा डावा हाय, एक चिमूट डावीकडं घे." दुसरी गोळी मी चिमूट घेऊन मारली. ती मधोमध गेली. तिसरी तिच्या शेजारी.

दाजी उठले, टाचा जुळवल्या.

"साहेब, माझं सांगणं संपलं. डबाच बरा. डब्याला धक्का हाय. माझा खांदा त्यो सोसणार न्हाय. ह्याचा सोसंल. बंदूक ह्याला द्या. मी दुर्बीण घेतो, साहेबांची मर्जी असेल तर."

 कॅप्टन साहेबांनी कानावरच्या वाट्या काढून हातात घेतल्या. सीओ साहेब दाजींच्या जवळ आले.

"फडतरे, तू नंबर एक आहेस. पलटणीचा सगळ्यात चांगला. हे तुला कळतंय ना?"

"व्हय, साहेब."

"आणि ब्रेक ठेवला तर राहशील."

"व्हय, साहेब."

साहेबांनी निकमसाहेबांना हाक मारली. "सुभेदार साहेब, तुमच्या जोडीत अदलाबदल करा. आणि शिल्ड ठेवून घ्या." मग जाता जाता दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, न मोडलेल्या खांद्यावर.

जीप गेली आणि माझा बांध फुटला. बाभळीखाली दाजी पाणी पीत होते. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"काय केलंत हे? कुणी सांगितलं होतं शानपणा करायला? घास तोंडात पडला होता, तुम्ही थुंकून टाकला."

"सर्जा, ओरडू नकोस. निकमसाहेब बघत्यात."

"बघू द्या. मला बंदूक नको हाय. मी शालनला काय तोंड दाखवू? नवऱ्याची बंदूक मी घेतली म्हणून सांगू?"

"बंदूक सरकारची हाय," दाजी म्हणाले. "ना माझी, ना तुझी."

"मग का केलंत ते सांगा."

त्यांनी बाटलीचं बूच लावलं. "धूळ उडत होती," म्हणाले. एवढंच. मी जळफळत राहिलो. धुळीसाठी कुणी आयुष्य देतं का? त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोललो नाही. वेगळ्या पंगतीत जेवलो. निकमसाहेब येऊन म्हणाले, "नवरा-बायकोसारखे काय रुसलाय," तरी बोललो नाही. मला वाईट वाटत होतं, त्याचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला गेलो. निकमसाहेबांनी ओट्याला पाणी मारलं नाही; हे पलटणीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं असावं. मी बंदुकीमागं पडलो, तोंड फुगवून. दाजी माझ्या डावीकडं येऊन पडले. सवयीनं मी उजवा कान उघडा ठेवून डाव्यात बोळा घालायला लागलो. त्यांनी माझा हात धरला.

"उलटं," ते म्हणाले. "मी हिकडं हाय आता."

मी बोळा काढून उजव्या कानात घातला. डब्याला झाकण बसवलं, की बाहेरचं सगळं जसं बंद होतं, तसं झालं. तिकडं तसंही आता फारसं काही येत नव्हतं. नुसती शिट्टी. डावा कान मोकळा झाला. लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती, ती आली. सुकलेल्या गवतातला वारा आला. आणि दाजींचा श्वाससुद्धा, अगदी बारीक, नाकातून जराशी शीळ घातल्यासारखा. गेले दोन दिवस मला तो ऐकू आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"हं," मी म्हणालो.

"थांब. वारा फिरतोय." आणि मग, ओठ न हलवता, हळूच, "जाऊ दे."

स्पष्ट. पहिल्या वर्षी त्यांचा आवाज यायचा तसा.

मी मारली नाही. बंदुकीवरून गाल उचलला आणि त्यांच्याकडं बघितलं. सगळं एका ओळीत लागलं. नळावर राख मागताना ते फिरून डावीकडं का आले, ते. माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी त्यांची पाठ बघून जाऊ दे म्हणतोय, हेही कळलं असणार. ज्याची पाठ, त्याला कळणारच. खिडक्या ठेवल्या असत्या तर उरलेला कानही गेला असता, आणि कान गेलेल्या नंबर दोनला जोडीत कोण ठेवणार? आणि डबा ठेवला तरी मी त्यांच्या डावीकडं, बिघडलेला कान त्यांच्याकडं करून पडलो असतो. म्हणून त्यांनी नुसता डबा मागितला नाही. जागा बदलून मागितली. चांगला कान आपल्याकडं घेतला, आणि त्यासाठी स्वतःची बंदूक मला देऊन टाकली.

"दाजी," मी म्हणालो. 

"काय?"

"तुम्हाला कळलं होतं."

"काय कळलं होतं? समोर बघ. वारा परत फिरला."

"एका शब्दानं बोलायचं तरी."

"तू बोलला होतास का?" ते म्हणाले. "माझ्या खांद्यासाठी तू कान द्यायला निघालास, आणि वर ठीक साहेब, ठीक साहेब. शालननं इचारलं असतं, भावाचा कान कुठं सांडलात, तर मी काय सांगणार होतो?"

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. दस्त्यावर गाल टेकला तर तो ओला झाला. दाजींनी बाहीनं दस्ता पुसला, अगदी त्यांचीच बंदूक असल्यासारखा.

"चल आता. हं म्हण."

"हं."

"जाऊ दे."

ती गोळी मधोमध गेली. हे मला दिसलं नाही, दाजींनी सांगितलं. पुढं आम्ही निवृत्तीपर्यंत तशीच जोडी चालवली. ढाली आधी तीन होत्या, नंतर किती झाल्या ते मी सांगत नाही, कारण दाजी म्हणतात आपण फुशारकी मारायची नाही. पण वारा वाचण्यात त्या माणसासारखा माणूस मी परत बघितला नाही. बंदुकीमागं असताना जी शांती त्यांच्या चेहऱ्यावर असायची, ती दुर्बिणीमागंही तशीच होती. मी उगीच भीत होतो.

आता दोघंही गावी असतो. उजवा कान माझा पुढं बंदच झाला, डावा अजून शाबूत आहे. शालन हुलग्याचं माडगं करते, तेव्हा मला हमखास बोलावणं येतं. मी तिच्या ओसरीवर बसतो, कुठंही, कसाही. दाजी आतून येतात. उजवीकडची जागा मोकळी असते, पाट तिथंच मांडलेला असतो, शालन म्हणते, "अवो, बसा की हितंच." ते ऐकत नाहीत. पाट उचलतात, माझ्या मागून फिरून डावीकडं येतात, पाट मांडतात आणि बसतात.

मग वाटी पुढं करून हळूच म्हणतात, "हं."

मी म्हणतो, "जाऊ दे," आणि आम्ही जेवायला सुरुवात करतो.